भांड्याच्या बुडावरचं नाव

आर्डिस पोलमनच्या हातचं न जेवलेला माणूस न्यू हॅनबर्गमध्ये शोधून सापडला नसता. सव्वीस वर्षं ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या लोकांना तिने वाटाणे खायला लावले होते, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते रुमालात बांधून खिडकीबाहेर टाकलेले तिला माहीत होते. कुणाचा मुलगा पोलीस झाला, कुणाचा बँकेत लागला, तरी रस्त्यात भेटल्यावर आर्डिस त्याला विचारायची, "काय रे, अजून गाजर बाजूला काढतोस का?" आणि तो भला माणूस मान खाली घालायचा.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. फारसं कुणाला ठाऊक नव्हतं ते एवढंच, की घरी तळघरात, कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी आर्डिस दररोज दुपारी तासभर स्टील गिटार वाजवायची. चार पायांवर उभं राहिलेलं, टेबलासारखं आडवं वाद्य. वर दहा तारा, खाली पायाने दाबायच्या पट्ट्या, शिवाय गुडघ्याने ढकलायचे दांडे. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी धरून ती तारांवरून सरकवली की सूर असा काही कण्हायचा की शेजारचा कुत्रा कुंपणाशी येऊन बसायचा. बूट काढून, नुसते मोजे घालून ती वाजवायला बसायची. बुटांना पट्टी कळत नाही, असं तिचं मत होतं.

लहानपणी एक फिरता विक्रेता दारोदार गिटार आणि शिकवणीचे धडे विकत आला होता. तिच्या बापाने ते थोरल्या तीन मुलांसाठी घेतलं आणि शिकली मात्र धाकटी आर्डिस. पुढे तिघे भाऊ आणि ती असं बिऱ्हाड शनिवारच्या नाचाच्या कार्यक्रमांना वाजवत फिरायचं. छप्पन्न साली त्यांनी एक रेकॉर्ड काढली. लेबलावर छापून आलं, 'हाल्टर बंधू'. त्याखाली, पैसे त्याने घातले म्हणून, खतवाल्याच्या दुकानाचं नाव, त्याच्या गल्लीचं नाव आणि फोन नंबर.

"आणि मी?" आर्डिसने विचारलं होतं.

"अगं आर्डी, लेबल केवढंसं ते," थोरला भाऊ म्हणाला, "किती नावं मावणार त्यात?"

खतवाल्याचा फोन नंबर मावला होता. ही गोष्ट आर्डिस सदतीस वर्षं विसरली नव्हती. नंतर तिचं क्लेटस पोलमनशी लग्न झालं. तो धान्याचा ट्रक चालवायचा. संध्याकाळी तळघराच्या पायरीवर बसून तिचं वाजवणं ऐकायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "अजून एकदा वाजव, मग जेवू." तो जाऊन आता आठ वर्षं झाली होती.

क्लेटसच्या मयतीपासूनच आर्डिसकडे एक निळं भांडं होतं, आणि त्याचं असं झालं.

न्यू हॅनबर्गमध्ये कुणी गेलं की घरी चूल पेटत नाही. साऱ्या गावच्या बायका ओव्हनमधून काढलेली गरम भांडी घेऊन येतात. चीझमध्ये बुडवलेले बटाटे, वर चुरलेले कॉर्नफ्लेक्स. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि त्यावर मालकिणीचं नाव. पंधरा दिवसांत भांडं घासूनपुसून परत करायचं, आणि रिकामं कधीच द्यायचं नाही. हा कायदा कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणारीला गाव माफ करत नाही.

क्लेटसच्या अंत्यप्रार्थनेला चर्चमध्ये त्याचं आवडतं स्तोत्र आपण स्टीलवर वाजवावं, अशी आर्डिसची इच्छा होती. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची लव्हर्न फॉस्मायर, आणि संगीत समितीची अध्यक्षाही तीच. लव्हर्न म्हणाली, "आर्डिस, ते गुत्त्यातलं वाद्य गं. देवाच्या दारात शोभतं का?" आणि संध्याकाळी तिनेच निळ्या काचेच्या भांड्यात बटाटे पाठवले.

आर्डिसने बटाटे खाल्ले. भांडं ठेवून घेतलं.

महिन्याभराने महिला मंडळाच्या बैठकीत लव्हर्न माइकपाशी गेली. "माझं निळं भांडं, वर पांढरी फुलं आहेत, चुकून कुणाकडे राहिलं असेल तर बघा हं. आईची आठवण आहे." सगळ्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. आर्डिस उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "माझ्याकडे नाही गं बाई. देवाशपथ." तेव्हापासून दरवर्षी लव्हर्न विचारायची आणि दरवर्षी आर्डिस शपथ घ्यायची. गावातली पोरं त्या भांड्याच्या गोष्टी ऐकत मोठी झाली.

आता या गोष्टीत तीन पोरं कुठून आली ते सांगतो. ड्वेन ट्रॅम्पे हा इथलाच, मोटारीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात कामाला. गाणी लिहायचा आणि गायचा. त्याचा मामेभाऊ टॉबी ड्रम बडवायचा. तिसरा नील, सेंट लुई शहरातला, बास गिटार वाजवायचा आणि कॉलेजात गेलेला असल्यामुळे लिहिण्याबिहिण्याचं काम त्याच्याकडे. बँडचं नाव 'दुसरी कापणी'. गवत एकदा कापल्यावर पुन्हा उगवतं ना, ते. त्यांची गाणी ऐकली की वाटायचं, आजोबांची जुनी गाणी कुणीतरी फाटकी जीन घालून, चिडून गातंय. गावातले म्हातारे म्हणायचे हे आपलं संगीत नाही, शहरातली पोरं म्हणायची हे आमचं नाही. तरी त्यांना पहिला अल्बम काढायचा होता, आणि त्यात स्टील हवी होती.

ड्वेन आर्डिसच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिला. "मॅम, मामा म्हणाला, तुम्ही पूर्वी…"

"गाजर खातोस का?"

"खातो, मॅम."

"खोटं बोलतोस. ये आत."

तिने तळघरात त्याला एक गाणं ऐकवलं. ऐकून ड्वेनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने साबणाच्या वासावर ढकललं. आर्डिस म्हणाली, "वाजवीन. एकच अट आहे. बाहेर छापाल त्यात माझं नाव हवं. पूर्ण नाव. कुणाची बहीण नाही, कुणाची बायको नाही."

"शंभर टक्के, मॅम."

बंद पडलेल्या बुटाच्या कारखान्यात तीन दिवस रेकॉर्डिंग झालं. आर्डिस मोजे घालून बसायची आणि पोरांना धारेवर धरायची. "टॉबी, ड्रम आहे तो, दरवाजा नाही." पहिल्याच गाण्यात तिचा एक सूर घसरला. ती म्हणाली, पुन्हा घेऊ. पोरं म्हणाली, नको, हेच छान आहे.

"चूक आहे रे ती!"

"म्हणूनच मॅम. खरं वाटतं."

"सव्वीस वर्षं करपलेला पाव मी असाच खरा म्हणून वाढला असता तर बरं झालं असतं," आर्डिस पुटपुटली. पण घरी जाताना तो घसरलेला सूर तिच्या कानात घोळत राहिला, आणि तिला तो आवडू लागला.

तिसऱ्या दिवशी तिने पोरांसाठी बटाटे भाजून नेले. तिची स्वतःची दोन्ही भांडी त्या आठवड्यात एका मयतीच्या घरी गेली होती. मग कपाटात अगदी मागे, इस्त्रीच्या फळीआड जे होतं ते तिने काढलं. कारखान्यात कोण बघणार? शिवाय लव्हर्नच्या भांड्यातून गुत्त्यातल्या वाद्याचा प्रसाद वाटायचा, ही कल्पनाच तिला इतकी गुदगुल्या करून गेली की ती गाडीत एकटीच हसत होती. पोरांनी अर्धं संपवलं, उरलेलं नील भांड्यासकट घरी घेऊन गेला.

इथेच माशी शिंकली.

दोन महिन्यांनी एका शनिवारी सकाळी ड्वेन आणि नील खोकं घेऊन आले. खोक्यात सीड्या. अल्बमचं नाव 'रविवारी बंद', वर कारखान्याच्या कुलपाचा फोटो. नीलच्या दुसऱ्या हातात निळं भांडं, लख्ख घासलेलं, आणि त्यात त्याच्या आईने केलेली बिस्किटं. "मॅम, तुमचं भांडं. उशीर झाला, माफ करा."

आर्डिसने आधी चष्मा पुसला, मग सीडी उलटी केली. बोटाने एकेक ओळ वाचत खाली आली. गायन, ड्वेन ट्रॅम्पे. ड्रम, बास. आणि शेवटी, स्टील गिटार, लव्हर्न फॉस्मायर.

तिला वाटलं आपण चुकीचं वाचतोय. तिने पुन्हा वाचलं.

ड्वेनने वाकून पाहिलं आणि तो किंचाळलाच. "नील! हे काय लिहिलंस? लव्हर्न फॉस्मायर चर्चमध्ये ऑर्गन वाजवते!"

"तूच सतत मॅम मॅम करायचास! छापखान्याला त्याच दिवशी मजकूर हवा होता, तू कामावर, फोन उचलेना," नील म्हणाला. "मग मी भांड्याच्या बुडावर पाहिलं. माझी आजी पण लिहिते तसं. भांड्यावर कुणी दुसऱ्याचं नाव लिहितं का?"

ड्वेनने भांडं उलटं केलं. चिकटपट्टी जुनी होऊन पिवळी पडली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. त्याने भांडं पाहिलं, त्यावरची पांढरी फुलं पाहिली, मग हळूच आर्डिसकडे पाहिलं. "मॅम… हे ते भांडं?"

"बिस्किट खा, ड्वेन."

"पण मॅम, पुढच्या शनिवारी कार्यक्रम आहे, मी स्टेजवरून सांगतो की नाव चुकलं…"

"कसं चुकलं म्हणून विचारतील. काय सांगशील?"

ड्वेनने बिस्किट तोंडात घातलं. पोरं गेल्यावर आर्डिस स्वयंपाकघरात बसून खूप रडली. सदतीस वर्षांपूर्वी लेबलावर जागा नव्हती. आता जागा होती, नाव छापलंही होतं, आणि ते तिचं नव्हतं. चूक तिच्याच हाताने झाली होती. दाद मागावी तर शपथ खोटी ठरणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आठवड्याभरात सेंट लुईच्या एका वर्तमानपत्रात अल्बमविषयी छापून आलं. लिहिणाऱ्याने पोरांचं बऱ्यापैकी कौतुक केलं होतं, पण स्टीलबद्दल लिहिताना त्याचा लगाम सुटला होता. पहिल्या गाण्यातला तो घसरलेला सूर, असं त्याने लिहिलं, या वर्षातला सर्वात सुंदर सूर आहे. आणि तो वाजवणाऱ्या लव्हर्न फॉस्मायर इतकी वर्षं कुठे दडल्या होत्या?

लव्हर्नने पहिल्या दिवशी ठाम नकार दिला. "मी? तसलं वाद्य? छे!" लोक म्हणाले, किती विनय बघा. दुसऱ्या दिवशी शेजारणीने केक आणून दिला. तिसऱ्या दिवशी नाकात बाळी घातलेल्या दोन मुली शहरातून गाडी चालवत आल्या आणि तिची सही मागू लागल्या. लव्हर्नकडे कुणी जन्मात सही मागितली नव्हती. तिने दिली. स्वतःच्याच नावाची सही देण्यात काय खोटं आहे? रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी पिताना कुणी विषय काढला की ती हो म्हणायची नाही, नाही म्हणायची नाही, नुसती विचारायची, "साखर किती घालू?"

आर्डिस समोरच्या टेबलावर बसून हे पाहत होती. तिच्या कपातल्या कॉफीत तिने तीनदा साखर घातली.

तेवढ्यात नवा पाद्री आला. तरुण होता, उत्साही होता, म्हणजे धोक्याचाच. "मिसेस फॉस्मायर, इतका गुण आमच्यापासून लपवलात! पुढच्या रविवारी ते वाद्य इथे वाजवाल ना? देवाला काय, सगळी वाद्यं सारखीच."

लव्हर्नच्या हातातला चमचा बशीत पडला. आर्डिस भिंतीकडे वळून पोटभर हसली, पण आवाज न करता.

मंगळवारी सकाळी लव्हर्न आर्डिसच्या दारात हजर. हवेबद्दल बोलली. मक्याबद्दल बोलली. आर्डिसच्या पडद्यांचं कौतुक केलं, जे तिने वीस वर्षांत कधी केलं नव्हतं.

"लव्हर्न, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. बोल."

लव्हर्नने पर्स मांडीवर घट्ट धरली. "मला शिकव."

"काय?"

"ते तुझं. एकच स्तोत्र. रविवारपर्यंत."

आर्डिस इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. "अगं, चाळीस वर्षं लागली मला! पट्ट्या दाबायला पाय पाहिजेत, दांडे ढकलायला गुडघे पाहिजेत. तुला जिना चढताना धाप लागते!"

"हस. हस तू," लव्हर्न म्हणाली. "मी त्या नीलला फोन केला होता. माझं नाव कुठून मिळालं, विचारलं. तो म्हणाला, तुमच्या निळ्या भांड्यावरून."

आर्डिसचं हसू थांबलं. लव्हर्नने पर्स टेबलावर आपटली. "आठ वर्षं, आर्डिस! माझ्या आईचं भांडं. आणि छातीवर हात ठेवून शपथ!"

"आणि तू? तीन आठवडे माझं वाजवणं अंगावर मिरवतेयस. सह्या देतेस!"

"नाव माझंच आहे ना!"

"हात माझे आहेत!" आर्डिस ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "क्लेटसला शेवटचं एकदा ऐकवायचं होतं गं मला. फक्त एकदा. तू म्हणालीस, गुत्त्यातलं वाद्य."

लव्हर्नने मान खिडकीकडे वळवली. "मी तुझ्या घरावरून जायची दुपारी," ती म्हणाली. "खिडकी उघडी असायची तळघराची. मला भीती वाटली. तू एकदा चर्चमध्ये वाजवलंस, तर मग माझा ऑर्गन कोण ऐकणार? माझ्याकडे दुसरं काय होतं?"

शेवटी लव्हर्न उठली. "हे बघ, तू गप्प राहा, मी गप्प राहते. पाद्र्याला सांगते, मनगट दुखतंय. तुझी शपथ झाकलेली राहील, माझंही झाकलेलं राहील." भांडं परत न मागताच ती निघून गेली.

सौदा वाईट नव्हता. चार दिवस आर्डिसने तो मनात घोळवला. गावात खोटारडी म्हणून फिरायचं, की नाव लव्हर्नला देऊन टाकून अब्रूने मरायचं? शनिवारी दुपारी ती तळघरात गेली, बूट काढले, आणि पायरीकडे पाहिलं. कुणी अजून एकदा वाजव म्हणणारं नव्हतं. मग ती वर आली आणि बटाटे सोलायला बसली.

रविवारी ड्वेन आणि टॉबीने स्टील उचलून चर्चमध्ये नेली. पाद्री लव्हर्नकडे पाहू लागला. लव्हर्न ऑर्गनपाशी मनगटाला फडकं बांधून बसली होती. आर्डिस पुढे आली, हातात चंदेरी कागदाने झाकलेलं भांडं. तिने कागद काढला. निळ्या काचेवरची पांढरी फुलं पाहून बायकांच्या रांगेत कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

"हे आठ वर्षं माझ्याकडे आहे," आर्डिस म्हणाली. "आठ वेळा मी शपथेवर खोटं बोलले. रागाने बोलले, आणि खरं सांगायचं तर मजाही आली. याच्या बुडावरचं नाव वाचून पोरांनी लव्हर्नचं नाव छापलं. रेकॉर्डवर वाजवलंय मी. आर्डिस पोलमनने."

पाद्र्याला पुढे कुठलं पान उघडावं ते सुचेना. तेवढ्यात मागच्या बाकावरून पंच्याऐंशी वर्षांचे ओटो रेंकेन ओरडले, "रिकामं परत देतेयस की काय?"

"बटाटे आहेत, ओटो. वर कॉर्नफ्लेक्स."

"मग झालं तर!" ओटो म्हणाले, आणि सगळं चर्च हसलं.

आर्डिसने बूट काढले. क्लेटसचं स्तोत्र वाजवायला घेतलं. पहिलं कडवं ती एकटीच वाजवत होती, आणि गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता. दुसऱ्या कडव्याला खालून हलकेच ऑर्गन सुरू झाला. तिने वळून पाहिलं. लव्हर्नने मनगटाचं फडकं सोडलं होतं.

नव्याने छापायची पोरांची ऐपत नव्हती. म्हणून त्या आठवड्यात आर्डिसच्या टेबलावर उरलेल्या साऱ्या सीड्यांचा ढीग आला. आर्डिस चिकटपट्टीवर स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायची, आणि लव्हर्न कात्रीने कापून आपल्या नावावर ती पट्टी चिकटवायची. वाकडी चिकटवलीस, म्हणून आर्डिस टोकायची. अक्षर बघ तुझं, म्हणून लव्हर्न टोकायची. मधेच एकदा आर्डिस कॉफी आणायला उठली, आणि ओव्हनच्या काचेत तिला दिसलं, की लव्हर्नने पट्टी न लावलेली एक सीडी हळूच पर्समध्ये सरकवली.

आर्डिसने कॉफी ओतली.

महिन्याभराने महिला मंडळाची बैठक भरली. निळं भांडं खाण्याच्या टेबलावर दिमाखात मांडलेलं होतं. आर्डिस उठून माइकपाशी गेली आणि घसा खाकरला.

"माझी एक सीडी कमी भरतेय. कुलपाचा फोटो आहे वर, मागे पट्टी लावायची राहिलीय. चुकून कुणाकडे गेली असेल तर बघा हं."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. तिसऱ्या रांगेतून लव्हर्न फॉस्मायर उभी राहिली, आणि तिने छातीवर हात ठेवला.

"माझ्याकडे नाही गं बाई," ती म्हणाली. "देवाशपथ."